टीनएजर्सची गोष्ट

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

वाद्यांशिवाय गायचं ठरवलंय तुम्ही पाच जणांनी, तर कुणाला ऐकावं असं विचारलंस. माझं उत्तर एकच, न्यूयॉर्कच्या पोरांचा गाणारा गट ‘द टीनएजर्स’. पण नुसतं ऐकू नकोस, त्यांचं काय झालं तेही वाच.

१९५०च्या दशकात त्या शहरातल्या काळ्या आणि पोर्तोरिकन वस्त्यांमध्ये पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर गात. वाद्यांना पैसे नव्हते, म्हणून एकाने खर्ज धरायचा, दोघातिघांनी मधले सूर भरायचे आणि वर एकाने गाणं म्हणायचं. जिन्यात आवाज छान घुमतो, म्हणून तालीम तिथेच. मॅनहॅटनमधल्या एका शाळेतले शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट असेच गायला लागले. मग पोर्तोरिकन कुटुंबांतले हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी त्यांना मिळाले आणि शेवटी फ्रँकी लायमन, वयाने सगळ्यांत लहान.

गार्न्सच्या इमारतीतला एक भाडेकरू त्यांच्या रोजच्या तालमी ऐकायचा. त्याने आपल्या मैत्रिणीची प्रेमपत्रं त्यांना दिली, त्यातल्या एका कवितेवरून गाणं सुचलं, असं सांगतात. मुख्य आवाज खरं तर सँटियागोचा. पण निर्माता जॉर्ज गोल्डनरने फ्रँकीला ऐकलं आणि त्याला पुढे केलं. जानेवारी १९५६मध्ये ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ बाजारात आलं. अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये थेट पहिल्या. फ्रँकी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा!

सुरुवातीला गार्न्सचा खर्ज एकटा येतो, निरर्थक अक्षरं म्हणत. तबलजीने ठेका धरावा तसा तो पाया घालतो आणि मग फ्रँकीचा टिपेचा आवाज त्यावर अलगद चढतो. मधल्या आवाजांकडे मात्र मुद्दाम कान दे. फ्रँकी इतका मोकळा गाऊ शकतो तो त्यांच्या जिवावर.

१९५७मध्ये फ्रँकीला वेगळा काढून एकट्याने गायला लावलं. त्याच वर्षी रेडिओवरचा गाजलेला निवेदक ॲलन फ्रीड याच्या टीव्ही कार्यक्रमात तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला, दक्षिणेतल्या वाहिन्यांनी गहजब केला आणि कार्यक्रमच बंद पडला. पुढे त्याचा आवाज फुटला. इकडे टीनएजर्सही त्याच्याविना उभे राहू शकले नाहीत. १९६८मध्ये, पंचविसाव्या वर्षी, हेरॉइनने फ्रँकीचा जीव घेतला. गार्न्स १९७७मध्ये गेला, नेग्रोनी पुढच्या वर्षी.

मला सगळ्यात जास्त लागतं ते गाण्याच्या हक्कांचं. कागदोपत्री गीतकार म्हणून फ्रँकीबरोबर गोल्डनरचं नाव होतं. नंतर गोल्डनरच्या जागी रेकॉर्ड कंपनीवाल्या मॉरिस लेव्हीचं आलं. लेव्हीने त्यातली एक ओळ लिहिली नव्हती! सँटियागो आणि मर्चंट न्यायालयात गेले. १९९२मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, सहलेखक म्हणून त्यांना मान्यता मिळाली. १९९६मध्ये अपिलात तो फिरला. कारण काय, तर दावा करायची तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. गाणं कुणी लिहिलं, हा प्रश्नच मग उरला नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना मुदत कोण सांगणार होतं, विनय?

तेव्हा तुम्ही स्वतःची चाल बांधलीत की पाचही जणांची नावं आणि तारीख त्याच दिवशी कागदावर घाला. मैत्रीत असलं काय लिहायचं, असं म्हणू नका. आणि खर्ज कोण धरणार, ते मला कळव.

तुझा,
अनिल