भोसरीच्या वर्कशॉपमधल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही करून दिलेलं प्रसूतीचं स्टूल आमच्या लेबर रूममध्ये रोज वापरात आहे. हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याआधी दोन पुरवठादारांना विचारलं होतं. "असलं कुणी मागत नाही, मॅडम," म्हणत दोघांनीही लेबर टेबलाचाच कॅटलॉग पुढे सरकवला. त्या टेबलावर बाई उताणी, पाय वर अडकवलेले. गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो, बाईला गरगरतं, बाळाचे ठोके उतरू शकतात. माकडहाड अंगाखाली दाबलेलं, त्यामुळे ते मागे सरकून वाट देत नाही. तुम्ही मात्र "ताई, बाई नेमकी बसते कशी?" असं विचारलंत आणि तिथेच उकिडवे बसून पाहिलंत.

घोड्याच्या नालेसारखी बैठक, पुढून मोकळी, सिस्टरचे हात खाली जातील अशी. उंची 35 सेंटीमीटर, म्हणजे टाचा जमिनीला टेकतात आणि जोर लागतो. स्टूलच्या पायांना रबरी बूट, कारण फरशी ओली असते. रेक्झिनची गादी नाही. शिवणीतून रक्त स्पंजात मुरतं. स्टूल सगळं 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं. ते आम्ही 0.5 टक्के क्लोरीनच्या पाण्याने 10 मिनिटं भिजवतो आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडं करतो, नाहीतर त्यालाही बारीक खड्डे पडतात.

पण मनात घर करून राहिला तो तुमचा रुमाल. वेल्डिंग झालं, बफ मारून झाला, पैसेही ठरले होते. तरी तुम्ही खिशातला सुती रुमाल काढून बैठकीच्या आतल्या कडेवरून फिरवलात. दोन ठिकाणी धागा अडकला. काही न बोलता तेवढ्या जागा पुन्हा घासल्यात. ऐन कळांमध्ये मांडीची कातडी नेमकी तिथेच टेकते. ते कुणी तपासणार नव्हतं, दादा. अशी माणसं भेटली की फार बरं वाटतं.

आम्हीही ते जपून वापरतो. एका वेळी 15-20 मिनिटं, मग बाईला उठवून चालवतो, नाहीतर खालची जागा सुजते. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर बसवत नाही, पाय धरत नाहीत. वार पडताना पलंगावर घेतो, म्हणजे रक्तस्राव नीट मोजता येतो.

बुटक्या बायकांच्या टाचा अजून अधांतरी राहतात. त्यांच्यासाठी 30 सेंटीमीटरचं आणखी एक हवंय. सवड असेल तेव्हा कळवा.

तुमच्या ऋणी,
लेबर रूममधल्या सगळ्या सिस्टर