अहवाल कमी झाले म्हणून चुका कमी झाल्या असं समजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालय व्यवस्थापकांच्या मोबाईलमधल्या ॲपमुळे रुग्णसुरक्षा कशी सुधारते आहे, हा कालच्या अंकातला लेख नाइट ड्यूटीवरून आल्यावर वाचला आणि झोप उडाली. लेखात व्यवस्थापक बोलतात, ॲप बनवणारे बोलतात. त्या ॲपमध्ये रोज नोंदी भरणारी नर्स मात्र एका ओळीतही बोलत नाही. मी बावीस वर्षं वॉर्डात आहे, त्यातली नऊ वर्षं इनचार्ज म्हणून. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ॲप आल्यापासून चुकांचे अहवाल घटले, म्हणजेच रुग्णालय अधिक सुरक्षित झालं, असा निष्कर्ष तुमच्या लेखाने काढला आहे. तो मला फार लागला. अहवाल कसे घटतात ते मी स्वतः पाहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या रुग्णालयात होते. रात्रीचे पावणेतीन वाजलेले, वॉर्ड भरलेला आणि आम्ही दोघीच. एका पेशंटच्या अँटिबायोटिकची वेळ झाली होती. पावडरची बाटली डाव्या हातात होती. ती विरघळवायला उजव्या हाताने ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युल (औषधाची छोटी बंद कुपी) उचलली, तोंड मोडलं, सिरिंज लावली आणि ओढायच्या आधी सवयीने लेबल दिव्याकडे धरलं. पोटॅशियम क्लोराईड! दोन्ही ॲम्प्युल प्लास्टिकच्या, दहा मिलीच्या, पारदर्शक. दोन्हींवरची अक्षरं निळी. दोन्ही एकाच ट्रेच्या शेजारशेजारच्या कप्प्यांत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हे औषध भरपूर सलाईनमध्ये मिसळून, थेंबांवर लक्ष ठेवून सावकाश द्यायचं असतं. तसंच्या तसं शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. मी ती ॲम्प्युल बाजूला ठेवली आणि दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. पेशंट शांत झोपला होता. त्याला आजही यातलं काही ठाऊक नाही.

सकाळी हँडओव्हर देऊन मी चेंजिंग रूममध्ये बसले आणि ॲप उघडलं. घटनेचा प्रकार निवडा: पेशंट पडला, चुकीचं औषध दिलं गेलं, सुई टोचली, संसर्ग, इतर. चूक होता होता टळली, असा पर्यायच नव्हता. मी ‘इतर’ निवडलं. पुढचा रकाना होता ‘जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव’. तो भरल्याशिवाय ॲप पुढे सरकेना. मी माझंच नाव टाकलं. ट्रेचा फोटो काढून ठेवला होता, पण तो जोडायची सोय नव्हती. वर्णनाला जेमतेम दोन ओळींची जागा. त्यात ‘दोन्ही ॲम्प्युल सारख्या दिसतात, पोटॅशियम ट्रेमधून हलवावं’ एवढं कसंबसं बसवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं: ‘संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली. प्रकरण बंद.’ नोंदीचा रंग लालचा हिरवा झाला. ट्रे होता तसाच राहिला.

ती समज मला माझ्या हाताखालच्या मुलींसमोर दिली गेली. त्या मुली हुशार आहेत, त्यांना जे कळायचं ते कळलं. पुढचे कित्येक महिने आमच्या वॉर्डातून एकही नोंद गेली नाही. पोटॅशियमच्या कप्प्याला मी स्वतः लाल चिकटपट्टी लावली आणि नवी मुलगी रुजू झाली की तिला हात धरून तो कप्पा दाखवत राहिले. वर्षअखेरच्या बैठकीत आमच्या वॉर्डाचा आलेख खाली आला म्हणून कौतुक झालं. पडद्यावरचा तो आलेख माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या लेखासोबत छापलेला आलेख अगदी तसाच दिसतो.

हा धोका काही मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने १९९८ साली रुग्णालयांना सावधगिरीच्या सूचना पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पहिलीच सूचना याच औषधाबद्दल होती: तीव्र, म्हणजे सलाईनमध्ये न मिसळलेलं पोटॅशियम क्लोराईड वॉर्डातल्या साठ्यातून काढा. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट एका नर्सने ॲपवर कळवली, तर व्यवस्थापकाचं काम पोटॅशियम हलवण्याचं होतं. त्यांनी नर्सला झापलं.

उपचार घेताना साधारण दहातल्या एका पेशंटला काही ना काही इजा होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे खरं असेल तर ज्या वॉर्डातून महिनोन्‌महिने एकही नोंद येत नाही, तिथे व्यवस्थापकाने पेढे वाटू नयेत, धावत जाऊन बघावं. विमानवाल्यांना हे कधीच उमगलं. अमेरिकेत वैमानिकांच्या अशा नोंदी १९७६ पासून नासा गोळा करते. शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे त्या थेट जात नाहीत आणि कळवणाऱ्याचं नाव नोंदीवरून काढून टाकतात. म्हणून वैमानिक लिहितात. आमच्या ॲपमध्ये नावाचा रकाना सक्तीचा का, हे तुमच्या प्रतिनिधीने विचारायला हवं होतं.

मी ॲपच्या विरोधात आहे असा कृपया समज करून घेऊ नका. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ आणि कॉव्हेंट्रीच्या दोन मोठ्या रुग्णालयांत कागदी तक्ते काढून नर्सच्या हातात छोटी यंत्रं दिली गेली. नाडी, बीपी, श्वास, ताप पेशंटच्या उशाशीच नोंदवायचे आणि आकडे बिघडू लागले की यंत्राने सांगायचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पोर्ट्समथमध्ये मृत्यूचं प्रमाण ७.७५ टक्क्यांवरून ६.४२ वर आलं आणि कॉव्हेंट्रीत ७.५७ वरून ६.१५ वर. हे आकडे वाचून मला खरोखर भरून आलं होतं, कारण त्यातला प्रत्येक दशांश म्हणजे घरी परत गेलेली माणसं आहेत. तिथे ते यंत्र आधी नर्सच्या कामाचं होतं. व्यवस्थापकाच्या आलेखाचा नंबर त्यानंतर.

आता मी जिथे आहे तिथेही ॲप आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी पुन्हा पोटॅशियमबद्दल लिहिलं, भीत भीतच. त्याच दिवशी दुपारी व्यवस्थापक बाई स्वतः वॉर्डात आल्या. ट्रे पाहिला, दोन्ही ॲम्प्युल हातात घेऊन उजेडात धरल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांमधलं पोटॅशियम कुलपाच्या कपाटात गेलं आणि ॲपवर सगळ्यांना संदेश आला: ‘एका सिस्टरने कळवल्यामुळे हा बदल केला.’ नाव नव्हतं. त्या महिन्यात आमच्या वॉर्डाच्या नोंदी दुपटीने वाढल्या. तुमच्या लेखाच्या हिशेबाने आमचा वॉर्ड धोकादायक ठरेल.

आणखी एक गोष्ट, राहवत नाही म्हणून लिहिते. आम्ही या नोंदी, आणि पेशंटच्या बीपीसारखे आकडेही, ॲपमध्ये स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या खर्चाने भरतो. पेशंटचे नातेवाईक बघतात, त्यांना वाटतं सिस्टर मोबाईल खेळत बसली आहे. मागच्या महिन्यात एकाने माझ्या सहकारी मुलीचा व्हिडिओ काढला. ती त्यांच्याच वडिलांचा बीपी भरत होती. ती रडली, आणि आता आकडे तळहातावर पेनने लिहून घेते, शिफ्ट संपल्यावर ॲपमध्ये भरते. म्हणजे वेळ चुकीची, हातही धुता येत नाहीत. वॉर्डासाठी वेगळी यंत्रं द्या, भिंतीवर पाटी लावा, एवढीच आमची मागणी आहे. ती अजून कुणी ऐकलेली नाही. त्यात तुम्ही लेखाबरोबर छापलेल्या फोटोतली नर्स घड्याळ आणि अंगठ्या घालून इंजेक्शन भरते आहे. रुग्णसुरक्षेच्या लेखात निदान तो फोटो तरी तपासून घ्यायचा होता.

माझी एक विनंती आहे. त्या लेखाचा पुढचा भाग येणार असं खाली छापलं आहे. तो लिहिण्याआधी तुमच्या प्रतिनिधीला एक रात्र कुठल्याही वॉर्डात बसू द्या आणि तिथल्या सिस्टरला एवढंच विचारू द्या: तुम्ही ॲपवर शेवटची नोंद कधी केली, आणि त्यानंतर वॉर्डात काय बदललं?

माझं नाव आणि रुग्णालयाचं नाव छापू नये. कारण वर लिहिलंच आहे.

आपली,
एक वॉर्ड इनचार्ज परिचारिका