सोहमची अर्धी गोळी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई रडायला लागते, बाबा मुकाट्याने फोन तिच्याकडे देतात आणि मी "ठेवते, कुकर झालाय" म्हणून सुटते. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईला वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

काय ठरलंय ते आधी सांगते, नाहीतर चार पानं गोल गोल फिरत बसेन. सोहमची टिक्सवरची (म्हणजे आपोआप मान झटकते, घशातून आवाज येतो, त्यावरची) रात्रीची गोळी चालू राहणार. आई, तू पाठवलेलं चूर्ण मी बंद केलंय. आणि दिवाळीत तो वाईला एकटा येणार नाही. मी बरोबर येतेय, आठही दिवस. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय, त्यावरूनच ओळखा.

सोहम मजेत आहे. जेवतो, नऊला झोपतो, संध्याकाळी सोसायटीत क्रिकेट खेळतो आणि आउट झाला की भांडतो. मान झटकणं निम्म्यावर आलंय. घशातला तो "ह्म्म ह्म्म" आवाज अजून आहे, विशेषतः टीव्ही बघताना. शाळेत बाईंनी त्याला न विचारता पाणी प्यायला जायची मुभा दिलीय. आजीच्या हातचं थालीपीठ हवं म्हणून महिनाभर टुमणं चाललंय, मी केलेलं "कडक" असतं म्हणे.

आता मे महिन्यात तो वाईला तुमच्याकडे होता, त्याबद्दल. मला उकरून काढायचं नाहीये, पण एकदा नीट बोलायला हवं.

दुसऱ्या आठवड्यात तो पाटावरून उठताना भेलकांडला आणि भिंतीला धरून बसला. आई, तू म्हणालीस ऊन लागलं. ऊन नव्हतं गं. रात्री मी दिलेली गोळी चालू होती आणि सकाळ-संध्याकाळ तुझं मधातलं चूर्ण. त्यात जटामांसी होती, अश्वगंधाही होती. दोन्ही गुंगी आणू शकतात आणि गोळीनेही झोप येते, बीपी खाली येतं. तिन्ही एकत्र गेली आणि एवढंसं पोर पेंगुळलं. तू मला सांगितलं नाहीस, कारण मी ओरडेन असं तुला वाटलं. ओरडलेच असते म्हणा. तेव्हा निम्मा दोष माझा.

मग बाबा घाबरले आणि त्यांनी गोळीच बंद करून टाकली. "नऊ वर्षांच्या पोराला बीपीची गोळी?" हे तुमचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. बाबा, प्रश्न चुकीचा नव्हता. क्लोनिडीन मुळात बीपीचंच औषध. मेंदूतून सतत "चल, हल, सावध हो" असा जो निरोप सुटत असतो, त्याचा आवाज ते थोडा खाली आणतं. म्हणून टिक्सना उपयोग होतो आणि म्हणूनच झोप येते. डोस अगदी लहान आहे आणि दर भेटीत डॉक्टर बीपी मोजतात. पण हे औषध एकदम थांबवलं की दाबून धरलेलं बीपी उसळी मारतं. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं आणि छाती धडधडत होती, ती यामुळे. कमी करायची झाली तरी डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील. तुम्ही नाही, मीसुद्धा नाही.

आणि उपदेश आलाच आहे तर, एकादशीला स्वतःची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, चुकवणं बंद करा. उपास पोटाचा असतो, गोळीचा नाही.

चूर्णाबद्दल. आयुर्वेद वाईट असं मी म्हटलेलं नाही, दादाला जाऊन तसं सांगू नकोस. त्या पुडीवर काय-किती घातलंय हे लिहिलेलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. बाबांना आकड्यांशिवाय काही पटत नाही, म्हणून आकडा देते. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधांचे ७० नमुने घेऊन तपासले, २००४ साली ते छापून आलं. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. दुकानं तिथली, माल आपल्या बाजूचा. शिसं मुलांच्या मेंदूला किती वाईट हे तुम्हाला सांगायला नको. वेखंडाची कांडीही उगाळू नकोस. तुझ्या तीन पिढ्यांच्या बाळगुटीत होती हे मान्य, पण अमेरिकेत ते खाण्याच्या पदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे.

मी इंग्रजी औषधांचीही भक्त नाही. पहिल्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलचं नाव काढलं तेव्हा मी चिठ्ठी घेऊन घरी आले आणि आठ दिवस ती फ्रिजवर चिकटवून नुसती बघत होते. जुनं औषध, टिक्सवर चालतं, पण अंग आखडणं, वजन वाढणं असं बरंच काही मागून येतं. दुसऱ्या डॉक्टरांनी सौम्य औषधापासून सुरुवात केली. ओमेगाच्या कॅप्सूलही मीच सहा महिने आणल्या होत्या, कुणीतरी सांगितलं म्हणून. फरक शून्य, फक्त पोराच्या तोंडाला मासळीचा वास. म्हणजे नादी लागण्यात मी तुझीच मुलगी.

आता जे लिहायचं आहे त्याला मी सगळ्यात जास्त घाबरतेय.

आई, तू सगळ्यांना सांगतेस की मनूचे डोळे मिचकावणं तुझ्या ब्राह्मीच्या तुपानं गेलं. चौथीत होते मी. शाळेत "मिचमिची" म्हणायचे, आणि आरशासमोर उभी राहून डोळे ताणून धरायचे मी, पाणी येईपर्यंत. तू सकाळी चमचाभर तूप द्यायचीस, रात्री डोक्याला तेल लावायचीस. दहावीपर्यंत सगळं गेलं. पण हे बहुतेक मुलांचं असंच होतं. पाच-सात वर्षांच्या वयात सुरू होतं, दहा-बाराच्या आसपास सगळ्यात वाढतं, मग मोठं होता होता उतरत जातं. तूप न खाणाऱ्यांचंही. सगळ्यांचं पूर्ण जात नाही. काकाचा खांदा आठव, आणि आजी त्याला काय म्हणायची तेही आठव. म्हणजे हे आपल्या घरातूनच आलंय, माझ्या सासूबाईंनी एवढं टोचून बोलायचं कारण नव्हतं, पण बोलल्या ते खोटं नव्हतं.

तुझ्या तेलानं काही झालं नाही असं मात्र मला लिहवत नाही. दिवसभर शाळेत डोळे धरून ठेवलेले असायचे. तुझी बोटं केसांत फिरायला लागली की धरून ठेवावं लागायचं नाही. तेवढा अर्धा तास मी मिचकावलं तरी तू काही म्हणायची नाहीस. सोहमचंही तेच होतं. शाळेत दाबून धरतो आणि घरी येऊन दप्तर टाकलं की सगळं एकदम बाहेर येतं. मला वाटायचं घरी लाडात येऊन करतो. चिडायचे त्याच्यावर. एकदा हातही उचलला, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तो मुद्दाम करत नाही, बाबा. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं ना, तसं त्याला मानेत होतं. त्यासाठी आता दर शनिवारी ऑनलाइन शिकवणी आहे. ते हुळहुळणं ओळखायचं आणि मान झटकायच्या जागी हनुवटी जराशी खाली ओढून मान घट्ट धरायची, जोर ओसरेपर्यंत. घशासाठी तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास. पुन्हा आकडा देते. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर याची चाचणी झाली. ही पद्धत शिकलेल्यांतल्या शंभरातल्या साधारण ५२ जणांना चांगला फरक पडला, नुसतं समजावून धीर दिलेल्यांत १८-१९ जणांना. बावन्न म्हणजे काठावर पास, असं तुम्ही म्हणणार. चालेल. त्याला कधी जमतं, कधी नाही.

आणि ते कॅलेंडर. मे महिन्याच्या पानामागे तुम्ही पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. चार उभ्या, एक आडवी. सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. हिशेब नीट ठेवावा, डॉक्टरांना दाखवता येईल, या मायेनं केलंत. मला ते पान बघून भरून आलं होतं. पण ते सोहमनंही बघितलं. "आजोबा माझी मान मोजतात," असं त्यानं परतताना एसटीत सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. मोजलं की वाढतं, बाबा. नुसता विषय काढला तरी वाढतं.

तर दिवाळीसाठी सांगून ठेवते. "मान सरळ ठेव" म्हणायचं नाही. "आज कमी आहे हं" असं कौतुकही नको. पाहुण्यांनी विचारलं तर "त्याची मान तशी हलते" एवढं पुरे. दिवाळीत एखाद्या वेळी जास्त होईल, फराळ, जागरण, फटाके, सगळ्या आनंदानंही वाढतं. अजून दोन-तीन वर्षं हे वर-खाली होणार, तयारी ठेवा. गोळीची डबी माझ्याकडे राहील. वैद्यबुवांना प्रश्न विचारायचा असेल तर मी येते बरोबर, नावं लिहून घेऊ, डॉक्टरांना दाखवू. परस्पर काही नको. एक चिमूटही.

दृष्ट मात्र खुशाल काढ, मीठ-मोहरी-मिरच्या सगळं. त्याचे साइड इफेक्ट मी शोधून पाहिले, फक्त ठसका लागतो.

आई, गुडघ्यासाठी मी पट्टा पाठवलाय, तो कपाटात ठेवू नकोस. चकल्या एकटीनं तळू नकोस, मी आल्यावर तळू. बाबांनी पाण्याच्या टाकीवर चढायचं नाही. प्लंबरचा नंबर फ्रिजवर आहे.

आणि रात्री तेल तूच लाव त्याला. त्यात काही मिसळू नकोस, साधं खोबरेल, कोमट. तो झोपला की वाटीत थोडं उरतंच. मी जागी असेन.

तुमची,
मनू