रविवारी धाम नदीकाठची पायवाट, लेकराबाळांसकट या

मंडळी आठवण करून देतो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला वर्ध्याजवळच्या पवनारच्या पुलाजवळ जमायचं आहे, उशीर करू नका कारण नऊनंतर ऊन चटकायला लागते अन् मग लहान लेकरं कंटाळतात. पुलापासून पांदणीनं निघून वावरांच्या धुऱ्यानं (बांधानं) नदीकाठी उतरू, वाट सपाट आहे, आजी-आजोबांनाही जमते, फक्त दोन दिवसांआधी पाणी पडलं तर काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही, तसं झालं तर ग्रुपवर कळवतो.

पराटी (कपाशी) फुटली आहे, तुरीला शेंगा आहेत, पण कोणाच्या वावरातलं काही तोडू नका, पोरांनाही सांगून ठेवा. नदीत खडक आहेत, शेवाळानं निसरडे असतात, लेकरांचा हात सोडू नका, पाण्यात उतरणं नाहीच. काठावर थोडं शांत बसलं तर खंड्या दिसतो, निळा, सूर मारून मासोळी उचलतो.

शेवटी विनोबाजींच्या आश्रमात जाऊ, १९३८ साली ते इथं राहायला आले, जमीन खोदताना निघालेल्या जुन्या मूर्ती पोरांना नक्की दाखवा, मात्र तिथं गलका नको.

फुल पॅन्ट घाला, कुसळं टोचतात. पाण्याची बाटली अन् डबा आपापला आणा, येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका.