फिट चाचणीची नळी वाटण्याआधी दुर्बिणीची तारीख ठरवा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिशीपुढच्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. मोठ्या आतड्यासाठी नाही. हा कर्करोग बहुधा आतड्यातल्या लहानशा गाठीतून, पॉलिपमधून, साधारण १० वर्षांत वाढतो. तेवढ्या काळात माणसाला सहसा काही जाणवत नाही. पुढे रक्त दिसले तरी घरोघरी ते मूळव्याधीवरच ढकलले जाते. पॉलिप वेळेत काढला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ४५ वर्षांपुढच्यांची दरवर्षी फिट चाचणी सुरू करावी, ही आमची मागणी आहे. शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त ती ओळखते; पथ्य लागत नाही. शौचाच्या भांड्यात आधी कागद पसरावा, नमुन्याला पाणी लागू देऊ नये. चाचणीच्या नळीतली काडी मळावर चार-पाच ठिकाणी फिरवावी, तिच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त घेतले तर मोजमाप चुकते. पाळीच्या दिवसांत नमुना नको.

खरी अडचण उन्हाची आहे. उष्णतेने नमुन्यातले हिमोग्लोबिन मोडते आणि रक्त असूनही अहवाल निर्दोष येतो. म्हणून मे महिना टाळावा. आशाताईंना नमुन्यांसाठी थंड डबा स्वतंत्र द्यावा, लसीचा डबा यात अजिबात वापरू नये. बंदरांवर जून-जुलैत मासेमारी बंद असते, खलाशी घरी सापडतात. तिथे तेव्हाच शिबिरे घ्यावीत.

फिटमध्ये रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावीच लागते. पुन्हा फिट करून 'आता नाही' म्हणणे घातक आहे, कारण पॉलिपमधून रक्त रोज येत नाही. आतडे साफ करण्याचे औषध अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या पहाटे घ्यायचे असते. मंडणगडच्या किंवा देवगडच्या माणसाला पहाटे एसटी धरायची असते. जुलाब होत असताना तो बसणार कसा? मग तो सगळे औषध आदल्या दिवशीच संपवतो. सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या भागात पुन्हा मळ साचतो आणि तिथले चपटे पॉलिप नजरेतून सुटतात.

म्हणून सिंधुदुर्गातल्या ओरोस आणि रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशा रुग्णांसाठी आदल्या रात्रीच्या खाटा राखून ठेवाव्यात, शौचालयाला लागून. सख्ख्या नात्यात हा रोग असेल, तर फिटवर न थांबता ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला तो झाला त्या वयाच्या १० वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा थेट दुर्बीण करावी. आशाताईंच्या अर्जात एवढा एक प्रश्न वाढवावा.

आपले,
कोकणात पोटविकारांवर काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका