एकादशीच्या रात्रीची अर्धी यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पदवीनंतरच्या शिक्षणाची माहिती येते. त्यात मध्यंतरी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, चार ओळींत उरकली होती : पात्रता, फी, नोकरीच्या संधी. तिथं शिकवतात कसं, हे राहून गेलं. ते मी लिहिते, कारण वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी त्या वर्गात बसते आहे. मी बीएएमएस आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. ही पदवी मिळाल्यावर माझ्या पगारात एका रुपयाचाही फरक पडणार नाही, हे घरच्यांनी मला तीनदा समजावून झालंय.

आमच्या वर्गात धडा नसतो, केस असते. घडून गेलेली एखादी साथ पानापानानं हातात येते. पहिल्या पानावर फक्त बातमी : अमुक गावात इतके आजारी. आता तुम्ही काय कराल? गटात भांडायचं, लिहून द्यायचं, मग दुसरं पान. माझ्या गटात एक दंतवैद्य मुलगी, एक औषधनिर्माता आणि पाणीपुरवठ्याचा एक इंजिनिअर. पहिल्याच दिवशी आम्हाला मिळाली ती ओस्वेगोची केस. साथरोगाचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या अनेक विद्यार्थ्यांना ती कधी ना कधी भेटतेच.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ओस्वेगो परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या तळघरात गावजेवण झालं. बायकांनी आपापल्या घरून पदार्थ करून आणलेले. ८० जण जेवले, रात्रीतून उलट्या-जुलाब सुरू. त्यांतल्या ७५ जणांना गाठून काय काय खाल्लं ते विचारलं, तर ४६ जण आजारी होते. आता शोधायचं कसं? प्रत्येक पदार्थाचे दोन ढीग करायचे, खाल्लेले आणि न खाल्लेले, आणि दोन्ही ढिगांत आजारी किती ते मोजायचं. डुकराचं मांस खाल्लेल्यांत शंभरी ६३ आजारी, न खाल्लेल्यांत ५९. म्हणजे त्यात काही नाही. व्हॅनिला आईस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. तिथं सगळे गप्प झाले.

चहाच्या सुट्टीत मी मोठ्या फुशारकीनं माझी गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. रात्री नऊला पहिली बाई आली, मळमळ, उलटी, गरगरतंय म्हणत. पहाटे पाचपर्यंत ६८ पेशंट. आमच्याकडे कॉट सहा. सतरंज्या अंथरल्या, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधल्या, शिपाई ओआरएसची बादली ढवळत बसला. सिस्टर एकेकाला विचारत होत्या, “काय खाल्लं?” आणि प्रत्येक जण तेच सांगत होता, “भगर.” सगळ्यांची नावं, वय, वेळ, लक्षणं मी त्याच रात्री रजिस्टरवर ओळीनं उतरवली. सकाळी तालुक्याला रिपोर्ट गेला : ‘भगरीतून विषबाधा’. सुदैवानं कुणी दगावलं नाही. मला शाबासकीही मिळाली.

दंतवैद्य मुलीनं बिस्कीट चहात बुडवता बुडवता विचारलं, “मॅडम, ज्यांना काहीच झालं नाही, त्यांना काय विचारलंत?”

काहीच विचारलं नव्हतं. ते दवाखान्यात आलेच नाहीत, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. आषाढीला आमच्या गावात भगर आणि शेंगदाण्याची आमटी कुणाच्या घरी नसते? आजारी ६८ जणांनी भगर खाल्ली होती, तशी धडधाकट पाचशेंनीही खाल्लीच असणार. आमटी सगळ्यांनी खाल्ली होती, पाणी सगळे एकाच टाकीचं पीत होते. माझ्या यादीला एकच बाजू होती. बिस्कीट चहात पडलं, त्यावरून हसाहशी झाली, पण माझा चहा थंड झाला.

आणि इथेच मला ओस्वेगोची केस तोकडीही वाटू लागली. तिथं दहा-बारा पदार्थ होते, कुणी हे घेतलं, कुणी ते, म्हणून दोन ढीग सहज पडले. एकादशीला पडत नाहीत. तिथं प्रश्नच बदलावा लागतो : भगर घरी निवडून दळली की दुकानातलं तयार पीठ आणलं? पाकीटबंद की सुटं? कोणत्या दुकानातून, किती दिवसांपूर्वी? पावसाळी दमट हवेत भगरीच्या पिठाला बुरशी लवकर धरते, म्हणूनच सुटं पीठ घेऊ नका असं अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत सांगत असतं. (पुण्याकडे तिला वरई म्हणतात आणि भातासारखी चार घास खातात. आमच्याकडे तो त्या दिवशीचा पूर्ण स्वयंपाक असतो. किती खाल्ली, हाही प्रश्न आलाच.) हे प्रश्न न्यूयॉर्कच्या आईस्क्रीममधून सुचत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, घेऊन मी त्या गावात गेले. दुसरा ढीग आता तरी भरावा म्हणून. तिसऱ्याच घरी म्हातारीनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “तवाच इचारायचं नं बाई. आता कोन्या एकादशीचं काय सांगू?” मी वही मिटली.

लंडनचा १८५४ चा कॉलरा आणि साथ पाण्यातून पसरते हे ओळखून जॉन स्नो या डॉक्टरनं काढायला लावलेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा आम्ही पाठ केला. शिकण्यासारखाच आहे तो. पण शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं काय? १९९४ साली तिथं गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि पुढच्याच महिन्यात सुरत प्लेगनं हादरलं. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीनं लोक घराबाहेर राहिले, धान्य आत पडून राहिलं, उंदीर माजले, असा तर्क तेव्हा मांडला गेला. तो खरा की खोटा, कशावरून ठरवायचं? मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडिलांनी प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कुठून तरी मिळवून आणल्याचं आठवतं. यापेक्षा चांगली केस मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला कुठली मिळेल? आमच्या वर्गात तिचं नावही निघालं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक तालुका आरोग्य कार्यालयात कावीळ, गॅस्ट्रो, विषबाधा, गोवर यांच्या साथींच्या फायली कपाटात आहेत. नावं-पत्ते काढून त्यांतल्या निवडक फायलींच्या केस मराठीत तयार कराव्यात. जिथं तपास चुकला त्या आधी घ्याव्यात, माझीसुद्धा. त्या एमपीएचच्या वर्गात जाव्यात आणि आशाताईंच्या प्रशिक्षणातही. दोन ढीग मोजायला पदवी लागत नाही.

ज्या संस्थांना ही पद्धत झेपत नाही त्यांनी मात्र तिचं नाव जाहिरातीत लावू नये. एका परिचिताच्या वर्गात केस सोमवारी मिळते आणि तिचं ‘मॉडेल आन्सर’ रविवारीच व्हॉट्सअॅपवर आलेलं असतं. मुलांनाही तेच हवं असतं म्हणा. आमच्या गटातला औषधनिर्माता पहिले दोन महिने रोज विचारायचा, “सर, पण उत्तर काय?” आता तोच सगळ्यांत जास्त भांडतो.

त्या रात्रीची माझी यादी नावं काढून मी टाईप करायला घेतली आहे. ‘आजारी नसलेले’ हा रकाना तसाच कोरा ठेवला आहे. जिल्ह्यातल्या ज्या सहकाऱ्यांकडे अशा साथींच्या नोंदी आहेत, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी स्वखर्चानं झेरॉक्स काढून नेईन.

– एक वैद्यकीय अधिकारी, जि. परभणी