मेजावर कोणी बसायचं

भायखळा, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

मी आपली मंडळी, म्हणजे जुनं चर्च, सोडली आणि कुठल्याशा ‘मोकळ्या’ चर्चमध्ये जातो, जिथं म्हणे काहीही मानलं तरी चालतं, असं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं. फोनवर तू रागावला नाहीस. ‘हे खरं का रे?’ एवढंच विचारलंस. नगरला आपण एकाच शब्बाथ शाळेत वचनं पाठ केली आहेत. तुला तुटक उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

काहीही मानलं तरी चालतं, हे खरं नाही. ख्रिस्तावाचून आमचं पान हलत नाही. देव कसा आहे हे कळायचं तर येशूकडे बघायचं. तो कुणाच्या पंगतीला बसला, कुणाला शिवला, कुणावर संतापला, हे बघायचं. फक्त मतांगीकारातलं, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीतलं, प्रत्येक वाक्य घडाघडा म्हणता आलं की झाला विश्वास, असं आम्ही धरत नाही. कुमारीपासून जन्म, पाण्यावरून चालणं याबद्दल आमच्यात वेगवेगळी मतं आहेत आणि ती कुणाला लपवावी लागत नाहीत. पुनरुत्थान मी जीव ओतून मानतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला त्याबद्दल शंका आहे. पण कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन पहिल्या पोचतात त्या बाईच. येशूच्या मागं आमच्यापैकी जास्त कोण चालतंय, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पवित्र शास्त्र आम्ही बाजूला ठेवलेलं नाही. उलट पूर्वी कधी वाचलं नव्हतं इतकं आता वाचतो. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, तेव्हा काय चाललं होतं, हे विचारत वाचतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशू आधी आणि माणूस नंतर. दुसऱ्यात माणूस आधी, पशू नंतर. लिहिणाऱ्यांना हे दिसत नव्हतं थोडंच! त्यांना विज्ञानाचा धडा द्यायचा नव्हता. म्हणून शाळेत उत्क्रांती शिकून आलेल्या पोरांना आम्ही गप्प करत नाही, आणि नरकाची भीती घालून त्यांना देवाकडे वळवत नाही. स्त्रियांचंही तसंच. ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं’ हे करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे, पण त्याच पत्राच्या अकराव्यात स्त्रिया प्रार्थना करताना आणि संदेश देताना दिसतात. एकच वचन पुढं करून दुसरं झाकणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. आमच्या मंडळीच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, एक बाई आहेत. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा मग्दालिया मरीयेनं सांगितली, तर उपदेश बाईनं का करू नये?

आता ज्याबद्दल तुला जास्त काळजी आहे, ते प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आम्ही एका शाळेचा हॉल संध्याकाळपुरता भाड्यानं घेतो. बाकं मागं सरकवतो आणि मधोमध एक लांब टेबल मांडतो. त्यावर ज्वारीची भाकरी आणि द्राक्षांचा रस. भाकरी कुणाच्या तरी घरून येते, ती बहुतेक वेळा कडेला थोडी करपलेली असते आणि मोडताना तिचा चुरा टेबलभर होतो. बाप्तिस्मा झालाय का, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालंय का, कुणी विचारत नाही. ज्याला हवं त्यानं यावं. तू म्हणशील, हा तर पावित्र्याचा भंग झाला. मीही यावर पुष्कळ विचार केला. पण लूकचा बाविसावा अध्याय काढून बघ. भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर येशू सांगतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. यहूदाला त्यानं उठवलं नाही. मग मी कुणाला उठवणार?

यात आम्ही परकं काही आणलं असं समजू नकोस. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सगळ्याच ख्रिस्तशिष्यांसाठी. मिशनच्या पैशावर आणि हुकमतीवर उभं नसलेलं आपलं असं काही त्यांना हवं होतं. दोन वर्षांनी ते गेले आणि ते काम अर्धवट राहिलं. त्यांची भजनं आपण लहानपणापासून म्हणतो, पण त्यांचा तो दरबार विसरलो, याचं मला खरोखर दुःख होतं.

जातीबद्दल तुला वेगळं काय सांगू! ख्रिस्ती झाल्यावर जात उरत नाही असं मानून १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवले गेले. पुढं शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. आपण अजून बाहेरच. आणि आपल्याच घरांत लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातंच. आमच्याकडे हे उपदेशात उघड बोललं जातं. ६ डिसेंबरला आम्ही दादरला जातो आणि चैत्यभूमीवर येणाऱ्यांना पाणी आणि पोहे देतो. पत्रकं वाटत नाही, प्रार्थनेला या म्हणत नाही. ‘मी तान्हेला होतो’ हे मत्तयातलं वाचन त्या आठवड्यात असतं, तेवढंच.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसं आमच्यात आहेत, तीही मागच्या बाकावर नव्हेत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. त्यानंतरही कितीतरी घरांनी पोरांना दार उघडलं नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला तो कूशी (इथिओपियाचा) षंढ फिलिप्प या सुवार्तिकाला विचारतो, ‘मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे?’ फिलिप्पानं कमिटीची मीटिंग बोलावली नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. दोन पुरुषांच्या सहजीवनासाठी आम्ही आशीर्वादाची प्रार्थना केली आहे. कायद्यानं ते लग्न ठरत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानं ते स्पष्टच केलं. पण प्रार्थना करायला कायदा लागत नाही. इथं तुझं आणि माझं पटणार नाही, मला माहीत आहे. तरी तुझ्यापासून हे लपवणार नाही.

बाकी उपासना तुला ओळखीची वाटेल. पेटी, तबला, ‘उपासना-संगीत’ या गीतपुस्तकातली गीतं, प्रभूची प्रार्थना. उपदेशानंतर थोडा वेळ सगळे शांत बसतात, मग ज्याला वाटेल तो प्रश्न विचारतो, कधी कधी पाळकांना थेट ‘हे पटलं नाही’ असंही सांगतो. आमच्यावर बिशप नाही. दानार्पणाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो आणि मोठे निर्णय सभेत मतानं होतात. स्वतंत्र असण्याची किंमतही आहे. स्वतःची इमारत नाही, हॉल केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि दफनाच्या जागेची चिंता म्हणून काही म्हाताऱ्या माणसांनी जुन्या मंडळीतलं नाव तसंच ठेवलंय. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात तू कामासाठी मुंबईला येणार आहेस ना, तर रविवार धरून ये. उपासना संध्याकाळी पाचला असते. स्टेशनवर मी घ्यायला येतो. दृढीकरणाबद्दल तुझे आक्षेप असतील ते लिहून आण, उपदेशानंतर सगळ्यांसमोर विचार. पाळक बाईंना मी सांगून ठेवलंय.

तुझा,
भायखळ्याचा मित्र